फोडणीची पळी आणि माझी लेक
अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधला तो आमचा पहिला हिवाळा. लेक पावणेदोन वर्षांची होती. थंडीने खिडक्या इतक्या घट्ट बसल्या होत्या की उघडायची सोयच नव्हती. वरणाला फोडणी दिली, मोहरी तडतडली, जरा धूर झाला, की छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागायचा. नवरा टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभा राहायचा आणि लेक माझ्या पायांना मिठी मारून थरथरायची.

पुढेपुढे अलार्म वाजायचीही गरज उरली नाही. मी नुसती फोडणीची लोखंडी पळी हातात घेतली, तरी ती रडून निळी पडायची. मी चिडायचे. "काही झालं का तुला? उगाच काय हट्ट!" असं ओरडायचे.

दर शनिवारी सकाळी तिला नवऱ्याकडे सोपवून मी जवळच्या कॉलेजात सायकॉलॉजीच्या क्लासला जात असे. एकदा आमच्या वयस्कर बाईंनी एक जुनी, मुकी फिल्म दाखवली. तान्हं बाळ पांढऱ्या उंदराकडे हात नेतंय. मागे कुणीतरी लोखंडी कांबीवर हातोडा मारतं. बाळ दचकतं. असं पुन्हा पुन्हा झाल्यावर ते नुसता उंदीर पाहूनच रडू लागतं. वर्गातली मुलं नोट्स घेत होती. माझं पेन मात्र थांबलं. हे बाळ मी घरी रोज पाहत होते.

क्लास सुटल्यावर बाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, "मी तिला हट्टी समजत होते."

त्या म्हणाल्या, "हट्टी नाही. शिकली आहे ती, आणि चांगली शिकली आहे. आता दुसरं काहीतरी शिकवा." मग त्यांनी सशाला भिणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगितली. त्याच्या आवडीचं खाणं त्याच्यासमोर ठेवून ससा रोज थोडा जवळ आणत गेले होते. "घाई करू नका. ती रडली, तर समजा आज तुम्ही फार जवळ आलात."

दुसऱ्या दिवसापासून लेकीला उंच खुर्चीत बसवून शिकरण द्यायला लागले. थंडगार पळी लांब, दाराशी ठेवली. ती पळीकडे बघायची, चमचा चाटायची, पुन्हा बघायची. रोज मी पळी वीतभर पुढे सरकवायचे. दोनदा घाई केली आणि दोन्हीदा रडारड झाली. पुन्हा दारापासून सुरुवात. तितके दिवस आम्ही बिनफोडणीचं वरण खाल्लं. नवरा एकदाही कुरकुरला नाही.

एका दुपारी तिने आपणहून पळी उचलली आणि बाहुलीला त्यातून खोटंखोटं जेवू घातलं. मी ओट्याला टेकून रडले.

बर्फ वितळल्यावर खिडकी उघडली, तिच्यासमोर शिकरण ठेवलं आणि पळीत चार मोहऱ्या टाकल्या. तडतड झाली. तिचा खालचा ओठ थरथरला. मी हसत होते, पण नजर पुन्हापुन्हा छतावरच्या अलार्मकडे जात होती. ते तिला दिसलं असावं. तिने शिकरणाचा चमचा माझ्या तोंडाजवळ आणला.

"आई, घाबलू नको," ती म्हणाली.

मी तो घास खाल्ला. मग दोघींनी मिळून वरणावर फोडणी ओतली.