सांगायला शब्द देणाऱ्या शैलाबाई

शैलाबाई परब यांची आणि माझी पहिली भेट आमच्या हायस्कूलच्या संगणक कक्षात झाली. पेडणे तालुक्यातल्या या शाळेत मी संगणक शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. नव्या यंत्रांवर कापडी झाकणे होती, दाराला कुलूप होते आणि किल्ली माझ्या खिशात होती. मधल्या सुट्टीत मराठी शिकवणाऱ्या एक बाई आल्या, चपला दाराबाहेर काढून आत शिरल्या आणि म्हणाल्या, "सर, ह्यातून म्हणे मुलांना जगभर जाता येतं."

"येतं ना," मी उत्साहाने म्हणालो.

"मग जगातल्या कोणालाही आमच्या मुलांपर्यंत पोचता येत असेल."

"हो, तेही येतं."

"तर आधी मला तेवढं समजावून सांगा. बाकीचं हळूहळू शिकेन."

त्या काळात इंटरनेटबद्दल सगळे कौतुकानेच बोलत. मुले ते किती लवकर आत्मसात करतात, हेच जो तो सांगे. दार दोन्ही बाजूंनी उघडते, हे आमच्या शाळेत पहिल्यांदा बाईंनी बोलून दाखवले. यंदा त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्याच महिन्यात त्या सेवानिवृत्तही होत आहेत. या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला गेला, तेव्हा हा प्रसंगच प्रथम आठवला.

बाईंचे माहेर डिचोलीचे, सासर हळर्णचे. त्या नोकरीला लागल्या तेव्हा गोवा घटक राज्य झाल्याची नवलाई ओसरलेली नव्हती आणि शिक्षकांच्या खोलीत कोकणी की मराठी यावर चहा गार होईपर्यंत वाद चालत, असे ज्येष्ठ सहकारी सांगतात. बाई मराठीच्या शिक्षिका, मराठीवर त्यांचे निरतिशय प्रेम. पण वर्गाबाहेर मुलांशी त्या नेहमी कोकणीतच बोलत. कोणी टोकले की म्हणत, "वाद घाला हवा तेवढा. पण पोर ज्या भाषेत रडतं, त्याच भाषेत त्याची समजूत घालावी लागते."

त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ मला या वाक्यात दिसते. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल पुष्कळ लोक बोलतात. बाईंनी त्याकडे भाषाशिक्षिकेच्या नजरेने पाहिले. त्यांचे म्हणणे असे, की ज्या गोष्टीला घरात शब्दच नाही, ती गोष्ट मूल घरी सांगणार तरी कशी? म्हणून शनिवारच्या शेवटच्या तासाला त्या धडा बाजूला ठेवून मुलांशी शब्दांवर बोलत. शरीराच्या प्रत्येक अवयवाला नाव असते आणि ते न लाजता घेता येते, इथून सुरुवात होई. मग गंमत आणि गुपित यांतला फरक. आईच्या वाढदिवसाला आणलेली भेट लपवली, तर ती गंमत. ती कधीतरी सगळ्यांना कळणारच असते. पण जो कोणी म्हणेल, हे कोणालाही कधीच सांगू नकोस, त्याची गोष्ट सर्वांत आधी घरी सांगायची. मग तो समोर उभा असो वा फोनमध्ये.

"टीचर नको तें शिकयता," अशी तक्रार घेऊन काही आया मुख्याध्यापकांकडे आल्या होत्या. बाईंनी त्यांना उत्तर दिले नाही. सरळ वर्गात नेऊन शेवटच्या बाकावर बसवले. तास संपल्यावर त्यांतल्या एक बाई उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमकां हें कोणेंच शिकयलें ना." आम्हाला हे कोणीच शिकवले नाही. पुढे त्याच बाई आपल्या वाड्यावरच्या इतर आयांना गोळा करून शाळेत आणू लागल्या.

आता मीनाची हकिकत सांगतो. मीना हे तिचे खरे नाव नव्हे आणि ओळख पटेल असे तपशीलही मी बदलले आहेत. लिहिण्यापूर्वी तिची परवानगी मागितली. ती म्हणाली, "लिहा सर. पण मला बिचारी करू नका."

मीना नववीत होती. आईवडील कोल्हापूरकडचे, वडील औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला, आई दोन घरी स्वयंपाक करी. मुलगी हुशार, नाचाची विलक्षण आवड. वडिलांच्या फोनवरून ती आपल्या नाचाच्या चित्रफिती इंटरनेटवर टाकत असे. तिथे तिची ओळख 'रिया'शी झाली. रिया फोंड्याची, दहावीतली, तिलाही नाचाचे वेड. काही महिने दोघींच्या गप्पा चालल्या. मग रियाने एक फोटो मागितला, जो मीनाने पाठवायला नको होता. तिने तो पाठवला. लगेच रियाची भाषा बदलली. आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या बापाला आणि शाळेला पाठवते. त्यानंतर म्हापशाच्या स्टँडवर एकटी येऊन भेट, असा हुकूम आला.

मुलगी वर्गात बोलेनाशी झाली. डबा तसाच घरी नेऊ लागली. बाईंच्या ते लक्षात आले होते, पण त्यांनी तिला खोदून विचारले नाही. त्या शनिवारी मात्र त्यांनी गुपितांबद्दल पुन्हा एकदा सांगितले. तास सुटल्यावर मुले घरी गेली, मीना जागेवरच बसून राहिली. मग तिने विचारले, "टीचर, घरी सांगता येत नसलं तर?"

"तर मला सांग," बाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

सगळे ऐकून झाल्यावर बाई तिला काय म्हणाल्या, हे मीनानेच मला अलीकडे सांगितले. "सांगितलंस ते फार बरं केलंस. आता हे तुझ्या एकटीचं नाही. आणि चूक तुझी नाही, त्या माणसाची आहे." तिला वाटले होते, बाई आधी विचारतील, तू फोटो पाठवलासच का? तो प्रश्न बाईंनी त्या दिवशी विचारला नाही आणि नंतरही कधी विचारला नाही.

मग त्यांनी मला बोलावले. फोनमधले काही पुसून टाकायचे नाही, उत्तर द्यायचे नाही, खाते आणि धमक्या जपून ठेवायच्या, एवढे मी सांगितले. मीनाने दप्तरातून आणलेला वडिलांचा फोन बाईंनी स्वतःच्या हातात धरून मला फक्त त्या खात्याचे नाव आणि धमकीचे शब्द दाखवले. "फोटो बघायची गरज तुम्हाला नाही आणि मलाही नाही," त्या म्हणाल्या. मुलीची लाज राखणे म्हणजे काय, ते मी त्या क्षणी पाहिले.

सोमवारी आईवडील शाळेत आले. वडिलांचा चेहरा उतरलेला होता. "पोरीला गावाकडं धाडतो, बाई. शाळा बास झाली. आन् तो फोन दगडावर आपटतो."

"दादा, घरात चोर शिरला तर आपण घरच्या माणसाला बाहेर काढतो का?" बाईंनी विचारले. "आणि फोन फोडलात तर त्या चोराचा माग कसा लागणार?"

"लोकं काय म्हंतील?"

"लोकांना कळायचं कारणच नाही. पोलिसांना कळायला हवं."

वडील खाली मान घालून बसले. तेवढ्यात आतापर्यंत एक अक्षरही न बोललेली आई उठून उभी राहिली. "तुमी नगा येऊ," ती नवऱ्याला म्हणाली. "मी जाते बाईंसंगट." मग वडीलही उठले आणि बाईंबरोबर तिघेही पोलिसांकडे गेले.

शाळेचे नाव खराब होईल, म्हणून प्रकरण आपसांत मिटवावे, असा सूर व्यवस्थापनातल्या एका सद्‌गृहस्थांनी लावला होता. बाई त्यांना शांतपणे म्हणाल्या, "आपण गप्प बसलो तर हा माणूस उद्या दुसऱ्या शाळेतल्या मुलीला गाठेल. ती मुलगी कोणाची असेल, ते आज आपल्याला ठाऊक नाही."

मुलीला पोलीस ठाण्यात बसवून जबाब घेऊ नये, तिच्या घरी जाऊन साध्या वेशातल्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, ही कायद्यातली सोय बाईंनी आधीच वाचून ठेवली होती. त्यांनी ती मागितली आणि ती मिळाली. तपासात रिया नावाची कोणी मुलगी निघाली नाही. तो संसारी, चांगल्या नोकरीतला प्रौढ पुरुष होता, आणि त्याच्या जाळ्यात आणखीही मुले होती. खटला चालला. मीनाला त्याचे तोंड पाहावे लागू नये म्हणून साक्षीच्या वेळी मध्ये पडदा लावला होता. तिच्या प्रत्येक तारखेला बाई तिच्याबरोबर पणजीला गेल्या. परतताना दोघी बसमध्ये चणे खात आणि अभ्यासाखेरीज दुसरे काही बोलत नसत. त्या माणसाला शिक्षा झाली. मीनाने दहावीच्या वर्षी स्नेहसंमेलनात नाच केला. तिचे वडील पहिल्या रांगेत बसले होते. आज ती शिकून स्वतःच्या पायांवर उभी आहे आणि लहान मुलींचा नाचाचा वर्ग घेते.

त्या जाळ्यातल्या मुलांमध्ये एक मुलगाही होता. हे कळल्यापासून बाईंनी मुलग्यांच्या पालकांशी आवर्जून बोलायला सुरुवात केली. केरीला मच्छीमारांच्या वाड्यावर देवळाच्या मंडपात झालेली त्यांची एक सभा मला चांगली आठवते. एका बापाने हसत विचारले, "टीचर, आमच्या चेड्याक कितें जातलें?" मुलग्याला काय होणार आहे, असा त्याचा सवाल.

बाई त्याच्याच भाषेत म्हणाल्या, "चेडो रडना म्हणून ताका दुखना अशें न्हय." मुलगा रडत नाही, म्हणून त्याला दुखत नाही असे नाही. सभा संपल्यावर तो गृहस्थ आपल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून समुद्राच्या बाजूला चालत गेलेला मी पाहिला. त्यांच्यात काय बोलणे झाले, ते मला माहीत नाही.

बाई भिडस्त मुळीच नाहीत. मुलांना फोनच देऊ नये, असा ठराव पालकसभेत आला तेव्हा त्यांनी भर सभेत विरोध केला. "विहिरीत पोर पडेल म्हणून गावातल्या विहिरी बुजवत नाहीत. कठडा बांधतात आणि पोहायला शिकवतात," असे त्या म्हणाल्या. टाळेबंदीत घरोघरी वर्गच फोनवर आले, तेव्हा ठरावाची बाजू घेणाऱ्यांनीच त्यांना बोलावून कठडा कसा बांधायचा ते विचारले. फोन घरात सगळे बसतात तिथेच वापरायचा, अनोळखी माणसाशी मैत्री झाली तर घरी सांगायचे, आणि मुलाने काही सांगितले तर आधी पूर्ण ऐकून घ्यायचे, ओरडायचे नाही. शेवटची अट त्या पालकांकडून दोनदा म्हणवून घेत.

सहकारी म्हणून त्यांनी मला जे दिले, त्याबद्दल थोडेसे. माझी आई आजारी असताना मी बरेच दिवस रजेवर होतो. माझे तास बाईंनी घेतले. संगणकाच्या तासाला त्यांनी मुलांकडून मराठीत गोष्टी टंकून घेतल्या. मी परत आलो तेव्हा यंत्रांत भुतांच्या गोष्टी खच्चून भरल्या होत्या आणि मुलांचा टंकनाचा वेग मी शिकवत असताना होता त्यापेक्षा कितीतरी वाढला होता. रोज सकाळी पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गोल उंडे आणि घरची पातळ भाजी त्या शिक्षकांच्या खोलीत आणत आणि डबा आधी शिपाईमामांपुढे ठेवत. शुद्धलेखनाच्या बाबतीत मात्र त्यांना दयामाया नाही. हा लेख छापून येईल तेव्हा त्यांच्या हातात तांबडे पेन असणार, याची मला खात्री आहे.

निवृत्तीनंतर काय करणार, असे मी त्यांना विचारले. डिचोलीच्या कामगार वस्तीतल्या आयांनी रविवारी बोलावले आहे, एवढेच त्या म्हणाल्या आणि मला स्कूटर घेऊन यायला सांगितले. त्या वस्तीत काम करणाऱ्यांमध्ये त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या चार तरुण शिक्षिका आहेत, म्हणजे हे काम आता एकट्या बाईंवर अवलंबून राहिलेले नाही. तरीही आम्हाला त्या हव्या आहेत. त्यांच्या गुडघ्यांना बळ लाभो, आवाज असाच खणखणीत राहो, डोळ्यांना तांबड्या पेनाने काढायच्या चुका कधी कमी न पडोत. बाईंनी निरामय आणि भरभरून शंभर वर्षे जगावे. आणि त्यांना जे सांगायला मुले आज शाळा सुटल्यावर मागे थांबतात, ते सांगण्याची वेळच पुढच्या मुलांवर येऊ नये, इतके यश त्यांना त्यांच्या डोळ्यांदेखत लाभावे.