महालक्ष्म्यांच्या पायरीतले मुडदे

घरात मी एकटीच खून वाचते. गळा आवळलेले, विष घातलेले, विहिरीत ढकललेले, सगळे. अधूनमधून चेटकिणींची आणि उडणाऱ्या सापांची जाडजूड पुस्तकंही वाचते. पन्नाशीच्या बाईनं काय वाचावं याबद्दल अमरावतीतल्या आमच्या नातेवाइकांची मतं ठाम आहेत. माझी त्याहून ठाम आहेत.

सभ्य कादंबऱ्या मी वाचून पाहिल्या. त्यांत सून शेवटच्या पानापर्यंत सोसते आणि मग खिडकीतून आभाळ बघते. त्यावर लोक माना डोलावतात. माझ्या पुस्तकांत बाई मेली, तर निदान कोणीतरी दार ठोठावून विचारतं, हिला कोणी मारलं? एवढी विचारपूस जिवंत बायांचीही होत नाही. उडणाऱ्या सापांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. लढाया वर्षानुवर्षं चालतात, पण त्या फौजेच्या भाकरी कोण थापतं, हे एकही लेखक सांगत नाही.

धाकटी नणंद दर भादव्यात महालक्ष्म्यांसाठी अकोल्याहून येते. यंदा आल्या आल्या माझ्या कपाटासमोर उभी राहिली.

“वयनी, घरात लेकरं आहेत आन् तुमी हे मुडदे जमा करून रायल्या?”

“लेकरं दिवसभर मोबाइलवर गोळ्या झाडतात, ताई.”

“थो खेळ हाय!” मग माझ्या नवऱ्याकडे वळून, “दादा, महालक्ष्म्या उठल्या का हे भंगारवाल्याले देऊन टाक. नवा डिनर सेट ठेवता येईन इथं.”

ह्यांनी मान हलवली. हे बहिणीला नाही म्हणत नाहीत. मलाही म्हणत नाहीत, आणि तिथंच सगळा घोळ आहे.

संध्याकाळी आरास मांडताना पायऱ्या कमी पडल्या. ज्या पत्र्याच्या पेट्यांवर त्या दरवर्षी रचायचो, त्यांचे तळ गंजून सुटले होते. तरी नणंदेनं त्या परत माळ्यावर चढवल्या. महालक्ष्म्यांचं सामान टाकायचं नसतं. मी स्वयंपाकघरात. तिनं हाताशी लागलं ते जाडजूड उचललं, रचलं, वर पाट, पाटावर जरीची साडी. ज्येष्ठा-कनिष्ठा लेकरांसह उभ्या राहिल्या, तेव्हा मला कळलं की माझं कपाट रिकामं आहे. आणि वाचून संपत आलेलं पुस्तक, खुनी सापडायच्या बेतात असलेलं, सगळ्यात खालच्या पायरीत आहे.

मांडलेल्या महालक्ष्म्या हलवता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या चिरताना माझं लक्ष त्या साडीच्या काठाकडे. “डॉक्टरच असणार,” मी पुटपुटले.

“कोणता डॉक्टर?” जाऊबाईंनी विचारलं.

सांगावं लागलं. भोपळ्यापासून कारल्यापर्यंत चिरून होईतो पुस्तकातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला. नणंद पाठ करून आंबील ढवळत होती. गोष्ट विहिरीत सापडलेल्या बाईपाशी आली आणि नणंदेच्या हातातला डाव थांबला.

“डॉक्टर कायले जाईन विहिरीवर? तिचा भाऊच हाय थो. वावर त्याच्या नावावर होते ना मंग.”

तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं. पुस्तकं बाहेर आली, काहींच्या कडांना हळदकुंकू लागलेलं. नणंदेनं पोतं आणलं.

“ताई, महालक्ष्म्यांचं सामान आपण कधी भंगारात दिलंय?”

“हे कायचं सामान?”

“ज्यावर त्या उभ्या होत्या ते. तळ सुटलेल्या पेट्या माळ्यावर ठेवल्यात तुम्ही. हे द्यायचं तर तुमच्याच हातानं द्या.”

ती एकदा पुस्तकांकडे, एकदा माळ्याकडे बघत राहिली. पोतं हातातच लोंबत होतं.

“लई चालाख हा तुमी, वयनी.”

देवीच्या आड लपले याची लाज? मुळीच नाही. साहित्यावर बोलत बसले असते तर एव्हाना पुस्तकांची रद्दी झाली असती, आणि माझ्या पुस्तकांतले वकील याहून हलक्या युक्त्या करतात. सगळी पुस्तकं कुंकवासकट कपाटात गेली. डिनर सेट दिवाणाखाली.

निघताना नणंद ऑटोत बसली, पुन्हा डोकं बाहेर काढलं.

“वाचून झालं का फोन करा. भाऊ नसला तं मात्र नका करू.”