दोन घड्यांमधली जागा

ढगेंनी जुना फिल्टर आणून माझ्यापुढे टेबलावर आडवा ठेवला. "मावशी, फाडा आता. काय मेलंय त्यात ते तुम्हीच सांगा."

मी कटर घेतला आणि बाहेरची जाळी कापली. चाकणच्या त्या कारखान्याचं पॉवरहाऊस भिंतीपलीकडेच चालू होतं, त्यामुळे सगळे ओरडून बोलत होते. जाळी काढून आतला कागद उलगडला. पिठासारखी कोरडी धूळ निघेल असं आमचे मालक गायकवाड यांना वाटलं होतं. निघाली काळी आणि चिकट. बोटाला लागली ती पुसून जाईना.

"ही नुसती मातीची धूळ न्हाई," मी म्हणाले. "यात तेल हाय. रस्त्यावरच्या ट्रकांचा धूर, शेजारच्या फाउंड्रीची काजळी. वर पावसाळ्यातला ओलावा. ही झटकून पडायची न्हाई."

"आमची कंपनी म्हणते फिल्टर खराब, तुम्ही म्हणायलात हवा खराब," ढगे म्हणाले. "हवा काही मला बदलता येत नाही. फिल्टर बदलता येतोय. कुठला घेऊ ते सांगा."

मी चौथी शिकलेली बाई आहे. भोसरीच्या एमआयडीसीत गायकवाडांच्या शेडमध्ये मी एकतीस वर्षं फिल्टर बनवले. आधी घड्या घालायच्या मशीनवर होते, नंतर तयार माल तपासायला. पॅकिंगच्या आधी प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी लागायची, तिच्यावर माझी सही असायची. गायकवाड गिऱ्हाइकाकडे जाताना मला गाडीत घेऊन जायचे, कारण कागदाचं आणि गोंदाचं त्यांच्यापेक्षा मला जास्त कळायचं. ते हे स्वतःच सांगायचे.

गॅस टर्बाइन म्हणजे गॅसवर चालणारं मोठं इंजिन. ते वीज तयार करतं. त्याला गॅसपेक्षा किती तरी पट जास्त हवा लागते. ती हवा आत ओढून दाबायला पात्यांच्या रांगा असतात. हवेबरोबर धूळ आत गेली की पात्यांवर बसते आणि वीज कमी होते. म्हणून हवा आधी एका उंच पत्र्याच्या खोलीतून घेतात. त्या खोलीच्या भिंतीत आमचे फिल्टर रांगेनं बसवलेले असतात. दिसायला मोठ्या डब्यासारखे, भिंत घड्या घातलेल्या कागदाची. धूळ साठली की मशीन आतून दाबाच्या हवेचा फटका मारतं आणि धूळ बाहेर पडते.

यात निवड करताना गोची अशी असते. फिल्टरचा कागद बारीक छिद्रांचा घेतला तर धूळ थांबते, पण मशीनला श्वास ओढायला जोर लागतो. त्या जोरात वीज जाते. कागद मोकळा घेतला तर श्वास सोपा, पण पाती घाण होतात. त्यातही वीज जाते, शिवाय पाती धुवायला मशीन बंद करावं लागतं. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारा मीटर असतो. त्याला डीपी म्हणतात. काटा जितका वर, तितका मशीनचा दम कोंडतोय असं समजायचं.

ढगे त्या पॉवरहाऊसचे इन्चार्ज. बार्शीकडचे. आयटीआय करून ऑपरेटर म्हणून लागले आणि वीस वर्षांत इन्चार्ज झाले. त्यांच्या हाताखाली अकरा माणसं. मॅनेजमेंटनं त्यांना वर्षभराची मुदत दिली होती. घरची वीज बाहेरच्या विजेपेक्षा स्वस्त पडली तर टर्बाइन ठेवू, नाहीतर विकू. टर्बाइन विकलं की बाराही माणसांची कामं जाणार होती. ढगेंनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही म्हणाले.

त्या दिवशी मी शिडीनं वर चढून फिल्टरची खोलीही पाहिली. लुगड्यावरून सेफ्टी बेल्ट बांधला, डोक्यावर हेल्मेट.

"मावशी, आता तुमालाच इन्चार्ज करावं लागतंय," खालून ढगे म्हणाले.

"पगार किती देताल?" मी विचारलं.

"माझाच घ्या. मला तेवढाच ताप कमी."

खाली आल्यावर मी त्यांना माझं मत सांगितलं. साधा कागद नको. दमट हवेत तो फुगतो आणि हवा अडते. सिंथेटिक कापड घ्या, वरून बारीक थर दिलेलं. ते दीडपट महाग आहे, पण चिकट धूळ आत मुरू देत नाही, वरच्या वर धरून ठेवतं. आणि प्रत्येक डब्यावर बाहेरून एक स्वस्त कापडी मोजा चढवा. काजळी मोज्यावर बसेल. दोन महिन्यांनी मोजा फेकायचा, डबा तसाच राहतो. महाग डबा दोन वर्षं चालला तर स्वस्त डब्यापेक्षा स्वस्त पडतो. आणि घड्या विरळ ठेवायच्या. दोन घड्यांच्या मध्ये करंगळीचं नख गेलं पाहिजे. नख जात नसेल तर हवाही जात नाही आणि आतली धूळही पडत नाही.

ढगेंनी सगळं वहीत लिहून घेतलं. करंगळीचं नखसुद्धा लिहिलं.

ते लिहिलेलं परचेस डिपार्टमेंटला गेलं आणि तिथे त्याचं भलतंच झालं. परचेसचे सोनवणे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांच्याकडे रोज शंभर वस्तूंची कोटेशनं येत, आणि सगळी एकाच मापानं तोलायची त्यांची पद्धत होती. फिल्टरसाठी त्यांनी माप ठरवलं होतं ते असं, की एका डब्यात किती चौरस मीटर कापड आहे आणि एका चौरस मीटरला भाव काय. जास्त कापड म्हणजे जास्त माल. साडी घेताना बाई जसं बघते तसं.

दुसऱ्या दोन कंपन्यांनी आमच्यापेक्षा जास्त चौरस मीटर लिहून दिले होते. डबा त्याच मापाचा, त्याच किमतीचा. सोनवणेंनी आम्हाला बोलावलं.

"गायकवाड, तुमच्यात कापड कमी आहे. ते लोक तेवढ्याच पैशात सव्वापट देतात."

"साहेब, कापड जास्त कोंबलं की घड्या एकमेकींना चिकटत्यात," मी मध्येच बोलले. "मधलं कापड वाया जातं."

"मावशी, वाया कसं जाईल? कापड तर आतच आहे ना?"

"आत हाय, पर त्यातून हवा जात न्हाई."

सोनवणे हसले. "आता इंजिनिअरिंग तुमच्याकडून शिकायचं का? ढगेंनी स्पेसिफिकेशनमध्ये नख लिहून दिलंय. नखाचं माप मी सिस्टिममध्ये कसं टाकू?"

गायकवाडही हसले. गिऱ्हाईक हसलं की ते हसायचे. मोजे तर यादीतून आधीच कमी झाले होते, कारण मोजा वेगळी वस्तू होती आणि तिला वेगळी मंजुरी लागत होती.

परत येताना मोशीजवळ गायकवाडांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "मावशी, घड्या वाढवा."

"चालणार न्हाई ते मशीन."

"आपल्याला चौरस मीटर द्यायचेत. मशीन चालवायचं काम त्यांचं. ही ऑर्डर गेली तर मे महिन्यात शेडमध्ये काम काय आहे, सांगा. चौदा बायका आहेत आपल्याकडे."

चौदा बायका होत्या हे खरं आहे. पण मी त्यांच्यासाठी घड्या वाढवल्या असं म्हणणार नाही. मालकानं सांगितलं आणि मी केलं. एकतीस वर्षं तसंच करत आले होते.

चौरस मीटर वाढवून लिहिल्यावर ऑर्डर आम्हालाच मिळाली. आमच्या मशीनवर घडीचं अंतर कमी करायला एक चाक फिरवावं लागतं. मीच फिरवलं. डबे भरगच्च दिसायला लागले. नवीन माल तसा दिसायला चांगला दिसतो. एका डब्यात नख घालून पाहिलं. गेलं नाही. चिठ्ठीवर सही केली आणि डबा पुढे सरकवला. मग पुढच्या डब्यांत नख घालून बघायचं सोडून दिलं.

माल जायच्या आदल्या दिवशी सकाळी ढगेंचा फोन आला.

"मावशी, उद्या माल येतोय म्हणायलेत. इन्स्पेक्शनला माणूस पाठवू का मी भोसरीला?"

मी समोर रचलेल्या डब्यांकडे पाहिलं.

"तुमच्या हातचे हायत ना सगळे?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग माणूस कशाला पाठवू? शटडाऊनची घाई हाय. सरळ बसवून घेतो."

त्यांनी काय विचारलं ते मला समजलं होतं. मी काय उत्तर दिलं तेही समजलं होतं. डबे माझ्याच हातचे होते. मी खोटं बोलले नाही, पण त्यात काही अर्थ नाही.

मेमध्ये मशीन बंद करून सगळे फिल्टर बसवले. पहिल्याच दिवशी नव्या फिल्टरचा डीपी, जुने फिल्टर नवे असताना यायचा त्यापेक्षा जास्त आला. ढगेंना वाटलं मीटर बिघडलाय. त्यांनी मीटर बदलला. मग मीटरला जाणारी बारीक नळी बदलली. फिल्टरवर त्यांना संशय आला नाही, कारण मी व्हय म्हणाले होते. महिना असाच गेला.

जुलैत हवा दमट झाली. काटा रोज थोडा वर. मशीन दाबाच्या हवेचे फटके मारायचं, पण घड्यांच्या मधली धूळ पडायला जागाच नव्हती. तेवढ्याच गॅसवर वीज कमी निघायला लागली. मग एका दुपारी काटा हद्दीच्या वर गेला आणि मशीन आपोआप बंद पडलं. ट्रिप झालं म्हणतात त्याला. त्या आठवड्यात ते तीनदा ट्रिप झालं. पेंट शॉप बंद, लाइन बंद. प्लँट हेडना वरून फोन यायला लागले.

ढगेंनी मला बोलावलं. गायकवाड आले नाहीत. मी बसनं गेले.

याही वेळी टेबलावर फिल्टर होता. ढगेंनी आधीच तो कापून ठेवला होता. घड्यांची टोकं काळी होती, आणि बोटभर आत गेलं की कापड पांढरंशुभ्र. आमच्या शेडमधून निघालं तेव्हा होतं तसंच. त्या कापडाला हवा लागलीच नव्हती.

"हे काय हाय मावशी?"

"घड्या दाट हायत. चौरस मीटर भरायला वाढवल्या."

"कुणी?"

"मी."

ते पांढऱ्या कापडावरून बोट फिरवत राहिले. त्यांचे दोन ऑपरेटर दारात उभे होते. ढगेंनी त्यांना हातानंच जायला सांगितलं.

"मी फोनवर विचारलं होतं तुमाला."

"विचारलं होतं."

"मी पुन्हा विचारायला पायजे होतं," ते म्हणाले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते खरंच आपली चूक शोधत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी प्लँट हेडपुढे बसून सगळं सांगितलं. सोनवणेही होते. त्यांनी पीओ, म्हणजे खरेदीचा कागद, उघडून दाखवला. "चौरस मीटर लिहिले होते. तेवढे मिळालेत. माल रिजेक्ट करायला माझ्याकडे मुद्दा नाही."

"त्यातून हवा जात न्हाई साहेब."

"ते पीओत नाही."

त्यांचं बरोबर होतं. गायकवाडांचंही बरोबर होतं, त्यांनी ठरला तेवढा माल दिला होता. माझी सही प्रत्येक डब्यावर होती. कागदावर एकच माणूस चुकला होता. माल न तपासता बसवून घेतला तो.

मी म्हणाले, एक रांग मी विरळ घड्यांची करून देते, लावून बघा. ढगेंनी माझ्याकडे पाहिलं. प्लँट हेड दमलेला माणूस होता. म्हणाला, "आजी, फिल्टरचा प्रश्न राहिलेला नाही आता. या वर्षाचे आकडे गेलेत."

दसऱ्याच्या आधी टर्बाइन विकलं. कारखाना बाहेरची वीज घ्यायला लागला. अकरातली आठ माणसं कॉन्ट्रॅक्टवरची होती, ती लगेच गेली. तिघांना दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये घेतलं. ढगेंना स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे आणि बल्ब वाटायला. तीन महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला आणि बार्शीला गेले. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.

आमच्या पुढच्या ऑर्डरीही अर्थात गेल्या. गायकवाडांनी चौदातल्या सहा बायका कमी केल्या. त्यात मी होते. माझं वय झालं होतं, त्यामुळे मला निरोपाचा नारळ मिळाला. बाकीच्या पाच जणींना तोही नाही.

फिल्टरबद्दल मला एवढंच सांगता येईल. किती कापड आहे हे विचारू नका, त्यातून हवा किती जाते ते मोजून घ्या. महाग आणि स्वस्त यांचा हिशोब दोन वर्षांनी करा, कोटेशनच्या दिवशी करू नका. पण हे कुठलाही इंजिनिअर सांगेल. मी त्यात एक गोष्ट घालते. तपासणीच्या चिठ्ठीवर ज्याची सही असते, त्याला पगार कोण देतं ते आधी विचारा. मला गायकवाड देत होते.