मरळीची राखण

मरळकाका तळ्याकाठी बसले की पापणीसुद्धा हलायची नाही. साखरा गावच्या पाझर तलावात गाळाला टेकून दबा धरणारी मरळ मासळी आणि काठावरचे काका, दोघांत जास्त गप्प कोण हे ठरवणं अवघड होतं. त्यांच्या तांड्यावरही त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे.

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. एकदा वर्गात म्हणालो, मासा काही पाण्यात बुडून मरत नाही. माझीच लेक मनू उठली. "मरळ मरते, बाबा. काका म्हणतेत, ती वर येऊन हवा घेते. वर येऊ दिलं न्हाई तर पाण्यातच गुदमरते." पोरं फिदीफिदी हसली. घरी पुस्तक उघडलं. काकांचं बरोबर होतं. त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच.

मनूचे रविवार तळ्यावर जायचे. जेवताना तोंडात घास कमी आणि काका जास्त. ते मलाही ऐकवायचे, "बेडूक जवळ येईस्तोर ती हलत न्हाई, सर. मंग एकच झडप. माणसाला एवढा दम कुठंय?" मला तो टोमणाच वाटे.

एका श्रावणात ठरवलं, यांना दाखवायचंच. गळ घेऊन एकटा गेलो. बाभळीखाली पाण्यावर लालभडक पिल्लांचा पुंजका वळवळत होता. तिथंच गळ टाकला आणि मरळीनं लगेच झेप घेतली. हाताएवढी लांब! मिरवत तांड्यावर नेली. मनू काकांच्या ओट्यावरच बसली होती.

काकांनी विचारलं, "वर पिल्लं व्हती का?"

"होती की."

"मंग ती भुकेनं न्हाई आली, सर. लेकरं राखून राहिली व्हती. पिल्लावाली मरळ आमी धरत न्हाई."

काठी घेऊन ते तळ्यावर गेले आणि चार दिवस त्या पिल्लांवर येणारे बगळे हाकलत बसले. शेजारी मनू. त्या चार दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

यंदा काका गेले. मनू आता परगावी माशांचंच शिक्षण घेते. निरोप मिळताच धावत आली, काकांच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. मी मागे उभा होतो. माझ्यासाठी ही इतकी रडेल का, असं मनात आलं. शरमेनं मान खाली घातली, तरी तो विचार काही हटला नाही.