टाकीला कान लावणारे मामा

मामा टाकीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, मग कान लावायचे. तुम्हाआम्हाला सगळीकडे एकच आवाज. ते मात्र एखाद्या जागी थबकून म्हणायचे, "हितं बद्द वाजतंय. हिचं पोट दुखतंय."

नव्वदच्या दशकात सुप्याला फायबरच्या टाक्यांचा एक कारखाना होता. मी डिप्लोमा करून तिथे तपासणीच्या कामाला लागलो. सगळे ज्यांना मामा म्हणायचे ते तिथले जुने कारागीर, साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरून तिच्यात राळ मुरवायचे. तडा कसा वाढतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, समजलं त्यांच्याकडून.

"आधी राळ तडकती, साहेब. धागं धरून ऱ्हात्यात, म्हणून दिसत न्हाई. मग एकेक धागा तुटतो. ऱ्हायल्याल्यांवर वजन वाढत जातं. शेवटाला समदे एकदम."

राहुरीकडच्या एका दूध डेअरीसाठी पाण्याची मोठी टाकी केली, तेव्हा तळाजवळ तळहाताएवढा पांढुरका डाग निघाला. मामा कान लावून म्हणाले, "बद्द वाजतंय. ही देऊ नका." पाणी भरून पाहिलं, एक थेंब गळला नाही. दारात ट्रक उभा होता, मॅनेजर घड्याळ बघत होते. मी तपासणीच्या कागदावर सही केली. मामा हात धुवायला गेले.

पाच महिन्यांनी डेअरीतून निरोप आला, टाकी पाझरतेय. आम्ही दोघं गेलो. मामांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुटाया लागलेत. लांब व्हा." मी ऐकायला म्हणून आणखी पुढे वाकलो. त्यांनी मला दोन्ही हातांनी ढकललं. तेवढ्यात टाकी उभी फाटली. पाण्याच्या लोंढ्याने मामा समोरच्या भिंतीवर आपटले.

कंबरेचं हाड मोडलं. ते पुन्हा कामावर आले नाहीत.

महिन्याभराने मी त्यांच्या गावी गेलो. ते खाटेवर पडून होते. मामींनी चहा दिला. मी कप तसाच हातात धरून बसलो. शेवटी मी म्हणालो, "मामा, सही माझी होती."

ते आढ्याकडे बघत राहिले. "चहा निवतोय," म्हणाले, "घ्या."

त्यानंतर मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा मामींनी दारातच सांगितलं, "झोपल्यात." दुसऱ्या वेळी आतून त्यांचा खोकला ऐकू आला. मामींनी मान खाली घातली.

मग मी गेलो नाही.