मिठावरचे पाणी

८ जानेवारी १९३४. गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या रिळखात्यात बायका एकेचाळीस, अंगावर पिणारी मुले सहा, पोटातली चार.

त्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत या एकेचाळीस जणींना कापसाच्या गोदामाकडे नेण्यात आले. तिथे गाठी तोलण्याचा लोखंडी काटा होता. त्याच्या फळीवर एकेक बाई उभी राही. गुरुबसप्पा कारकून दांडीवरचे वजन सरकवून आकडा वाची आणि वहीत मांडी. शेजारी खुर्चीवर गिरणीने नव्यानेच नेमलेल्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्या प्रत्येकीची पापणी खाली ओढून आतला रंग पाहत, जीभ पाहत आणि शेवटी कागदाची एक पुडी तिच्या हातावर ठेवत. पुडीत पिवळसर भुकटी होती. तिला आंबलेल्या पिठासारखा वास येत होता.

मायाक्का रांगेत नववी होती. सांगोल्याकडच्या धनगराची ही लेक. आयुष्याची पहिली पंचवीस वर्षे तिने मेंढरांमागे काढली होती. लागोपाठच्या दोन कोरड्या सालांत कळप संपला, तेव्हा नवऱ्याबरोबर ती सोलापुरात आली. नवरा ज्ञानबा कुंभारीच्या वाटेवर एका मळ्यात राखणीला होता आणि पंधरवड्यातून एकदा घरी येई. गिरणीत अकरा वर्षे काढूनही मायाक्काची नजर गुरांच्या बाजारातलीच राहिली होती. कोणी कोणाचे अंग चाचपून पाहू लागला, की घेणारा कोण आणि विकले काय जाणार, हा प्रश्न तिच्या मनात आधी उभा राही.

"ब्याऐंशी रत्तल," गुरुबसप्पाने वाचले.

"कशापायी तोलताय, कारकूनसायेब?"

"वरचा हुकूम हाय."

"हुकूम कळला. कशापायी ते इचारलं."

"तुला लिवता येत न्हाय, मला इचारता येत न्हाय. दोघं सारखेच. उतर खाली."

तिच्या मागे काशम्मा होती. दुधनीकडची लिंगायताची तरुण विधवा. पदरी चार महिन्यांचे मूल. तिची खोली मायाक्काच्या खोलीला लागून होती. काटा एकाहत्तरावर थांबला. डॉक्टरीणबाईंनी काशम्माची पापणी दोनदा पाहिली, काही विचार केला आणि वहीत तिच्या नावापुढे तांबड्या पेन्सिलीने खूण केली.

ती तांबडी खूण मायाक्काने पाहिली. बाजारात कसाई जे मेंढरू पसंत करतो त्याच्या पाठीवर तो गेरूचा पट्टा ओढतो. पट्टा ओढलेले मेंढरू परत कळपात येत नाही. रांग संपेपर्यंत मायाक्का तिथेच रेंगाळली. तशा खुणा सोळा झाल्या. सोळाही जणी अशक्त होत्या.

तोलणे संपल्यावर डॉक्टरीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. "या चूर्णात जीवनसत्त्वे आहेत. तुमच्या अन्नात जे कमी पडते ते याने काही अंशी भरून निघेल. परंतु चूर्ण हे अन्नाच्या जागी नाही, अन्नाच्या सोबतीला आहे. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, मोड आलेले हुलगे, मूठभर शेंगदाणे आणि शक्य असेल तर दूध घेत जा."

"शक्य असंल तर," खात्यातल्या बायकांवर देखरेख करणारी नायकीण अंबुबाई मागच्या रांगेत हळूच म्हणाली. "ही शक्य कुठल्या पेठंत इकाय ठेवलीया, तेवढं इचारा की कुणीतरी."

बायका पदरात हसल्या. डॉक्टरीणबाईंचे ज्ञान खोटे नव्हते, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मेंढरांमागे असताना दूध, ताक, हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे आणि रानातला पाला यांवर अंगाला बळ असते आणि गिरणीत आल्यावर ते ओसरते, हे मायाक्कालाही पुरते ठाऊक होते. बाईंची चूक वेगळी होती. अन्नाविषयी त्यांनी सगळे सांगितले. तोलण्याविषयी काहीच सांगितले नाही. आणि मागल्या पावसाळ्यात याच खात्यात डोळ्यांची अशीच तपासणी झाली होती. त्यानंतर आठवड्याच्या आत सात जणींना कामावरून काढून घरी बसवले होते. तेव्हा बायकांच्या मनातल्या संशयाला अडाणीपणा म्हणता येणार नाही. तो त्यांनी अनुभवाने कमावला होता.

पुडीची परीक्षा मायाक्काने आपल्या पद्धतीने घेतली. चाळीच्या आवारात तिचा एक बोकड असे. पडलेले लुगडे, वहाणेचा पट्टा, भिंतीवरची जाहिरात, त्याला काहीच वर्ज्य नव्हते. मायाक्काने भुकटी तळहातावर घेऊन त्याच्या तोंडापुढे धरली. बोकडाने हुंगले, तो शिंकला आणि मान फिरवून उभा राहिला.

"बघा," ती जमलेल्या बायकांना म्हणाली. "ह्यो खात न्हाय, आन आपुन खायाचं?"

"हाडाची पूड हाय म्हणत्यात त्यात," काशम्मा म्हणाली. "माज्या गळ्यात लिंग हाय, अक्का. ब्याडा, मला नको."

"हाडाची असंल न्हायतर आनि कशाची असंल. पन फुकाट देत्यात, ह्येचाच मला घोर लागलाय."

त्या दिवसापासून रिळखात्यात रोज वाटल्या जाणाऱ्या एकेचाळीस पुड्या मोरीत पडू लागल्या.

परंतु पुडी टाकता येत होती, काटा टाळता येत नव्हता. दर सोमवारी तोलणार, असे गुरुबसप्पाने सांगून ठेवले होते. काशम्माला रात्रंदिवस एकच धास्ती होती. नाव कमी झाले तर दुधनीला दिराच्या दारात जावे लागणार. आणि तिथे मुलाला काय ऐकून मोठे व्हावे लागेल, हे तिला चांगले कळत होते.

शनिवारी नळावर तिने मायाक्काला विचारले, "अक्का, दोन दिसात मानूस जड हुतंय का?"

मायाक्काने घागर भरू दिली, बाजूला ठेवली आणि मग बोलली. "मानसाचं ठावं न्हाय. मेंढरू हुतंय."

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मेंढरांना मीठ चाटवायचे आणि पाण्यापासून दूर ठेवायचे, ही तिच्या माहेरची रीत होती. सकाळी बाजाराच्या तोंडावर कळप ओढ्यावर सोडला की तहानलेले जनावर पोट तट्ट होईपर्यंत पिते. कातडी ताणली जाते, बरगडी बुजते, आणि घेणाऱ्याचा हात फसतो. ही रीत मायाक्काने आता रिळखात्यात आणली. रविवारी संध्याकाळी भाकरीबरोबर मुठीने मीठ घातलेली चटणी, सोमवारी सकाळपासून घोटभरही पाणी नाही, आणि सुट्टीचा भोंगा झाला की गोदामाकडे वळण्यापूर्वी नळाला तोंड. सोळा खुणावाल्या जणींसाठी काढलेली ही युक्ती पुढच्या सोमवारी एकेचाळीस जणींनी उचलली. कारण आज खूण नसली तरी उद्या असणार नाही याची हमी कोण देणार? अंबुबाई तर दीड तांब्या पाणी पिऊन फळीवर चढली आणि म्हणाली, "कारकूनसायेब, जरा बेतानं तोला, सांडंल."

दर सोमवारी नळावरचे घोट वाढत गेले आणि आकडे चढू लागले. काशम्मा बहात्तर झाली, त्र्याहत्तर झाली, पाचव्या आठवड्यात पंचाहत्तरावर गेली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. एकेका तांबड्या खुणेवर त्यांनी निळी रेघ मारली. सोळाही पट्टे पुसले गेले त्या दिवशी मायाक्का ताठ मानेने खात्यात परतली. इतका मोठा बाजार तिने आयुष्यात मारला नव्हता.

इकडे काशम्माचे पाय सुजत होते. रिळावर उभी असताना तिला घेरी येई, आणि मूल छातीला लागून दोन घोटांत तोंड काढून रडू लागे.

"अक्का," ती एकदा म्हणाली, "वजन वाढलंय, तर दूध का आटतंय?"

मायाक्काने मूल आपल्या मांडीवर घेतले. उत्तर दोघींनाही माहीत होते.

एकोणीस फेब्रुवारीला शेवटचे तोलणे झाले. वही मिटताना गुरुबसप्पा कामातून सुटल्याच्या समाधानात बोलून गेला, "गिरणीचं नशीब थोर. एक शेर दूध घालावं लागलं न्हाय."

"कसलं दूध?" मायाक्काने विचारले.

"हापिसाच्या भिताडावर सा आठवडं कागद डकवलाय की. भुकटी खाऊन बी जिचं वजन वाढत न्हाय तिला रोज अर्धा शेर दूध, तीन महिनं, आन बसून करायचं काम. बाईसायेबांनी भांडून मिळवलं हुतं. तुमी समद्या फुगला. एक बी बसली न्हाय त्यात."

"आन ती तांबडी खूण?"

"ती दुधाचीच. कुणाकुणाला लागंल त्येचा अदमास."

मायाक्का काट्याच्या फळीवर टेकली. गेरूचा पट्टा म्हणून जो तिने पुसून काढला, तो सोळा जणींच्या तोंडचा घास होता. कागद भिंतीवर होता आणि एकेचाळिसांतल्या एकीलाही वाचता येत नव्हते, हे खरे. परंतु त्या क्षणी तिने स्वतःला ही सवलत घेऊ दिली नाही.

दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिली आणि मीठ, पाणी, मोरीतल्या पुड्या, सगळे सांगून मोकळी झाली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जो संशय आला तो मायाक्काने पूर्वी स्वतःच्या मनात अनेकदा अनुभवला होता.

"तेव्हा तुम्ही मला फसवलेत. आता दूध मिळते आहे असे कळल्यावर हे सांगता. यातले खरे कोणते मानू?"

"मानू नका, बाई. तोला. आज कुनी पानी प्यालेलं न्हाय."

बाई मॅनेजरसाहेबांकडे जाऊन आल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात एक छापील पत्रक होते आणि चेहरा पांढरा पडला होता. ते पत्रक भुकटी विकणाऱ्या मुंबईच्या एजंटाचे होते. त्याच्याच मोठ्या फळ्या त्या आठवड्यात गिरणीच्या फाटकावर आणि भाजीबाजाराजवळ लागल्या. गुरुबसप्पाने फाटकावरची फळी मायाक्काला वाचून दाखवली: सोलापूरच्या गिरणीतील एकेचाळीस कामकरी स्त्रियांची वजने पाच आठवड्यांत सरासरी साडेतीन रत्तलांनी वाढली, शक्ती हवी असेल तर आजच एक डबा न्या. खाली सूतखात्यातले पुरुष डबे विकत घेत होते.

म्हणजे घेणारा होताच. फक्त त्याने बायका घेतल्या नव्हत्या, आकडे घेतले होते. आणि ते आकडे पिकवून देणारी ती स्वतः होती.

मॅनेजरसाहेबांचे उत्तर थोडक्यात होते. आकडे पाठवून झाले आहेत. पुन्हा तोलायचे असेल तर लबाडी कोणी केली ते लेखी पाहिजे. आणि लबाडी करणाऱ्याला गिरणीत जागा नाही.

अंबुबाईने मायाक्काला रिळांच्या आडोशाला ओढले. "येडी हैस का? गप ऱ्हा. हातात काम हाय तवर दूध इकत घिऊ की."

"आजवर कंदी घेतलंस?"

अंबुबाई पदराने हात पुसत राहिली.

"सगळ्या मिळून अंगठं दिलं तर?" मायाक्काने विचारले.

"समद्यास्नी काढतील. मला चार पोरं हायती."

"मग माझा एकटीचा बास हाय."

सर्व बायकांना आपणच शिकवले, त्यांना दुष्परिणाम ठाऊक नव्हते, असे तिने लिहवून घेतले आणि खाली अंगठा उठवला. यातला पहिला भाग खरा होता. दुसरा तिने त्यांच्यासाठी घातला. त्याच शनिवारी तिचे नाव कमी झाले.

सव्वीस फेब्रुवारीला चाळीस बायका पुन्हा काट्यावर चढल्या. काशम्मा अडुसष्ट भरली. चौतीस जणींची वजने जागची हलली नव्हती किंवा उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी यादी केली, साहेबांनी तिच्यावर सही केली, आणि सहीखाली 'व्यवस्था होताच सुरू करावे' असा शेरा लिहिला.

चाळीत मात्र वेगळीच कुजबुज सुरू झाली होती. आपले आपण कोणी नाव कमी करून घेत नाही. मायाक्काला वरून काहीतरी मिळाले असणार. नाहीतर डॉक्टरीण तिच्या खोलीवर का आली होती? डॉक्टरीणबाई एकदा आल्या होत्या हे खरे. त्या दाराशीच उभ्या राहून "दुधाबद्दल मी साहेबांना दोन पत्रे लिहिली आहेत," एवढेच सांगून गेल्या होत्या. मार्चअखेर त्यांचीही नेमणूक संपली.

मायाक्का शेंगा फोडण्याच्या कामाला जाऊ लागली. संध्याकाळी येताना ओच्यात मूठभर शेंगदाणे आणी आणि ओल्या फडक्यात बांधलेले हुलगे मोड फुटले की त्यांचे माडगे करून काशम्माच्या दाराशी ठेवी. पहिल्या दिवशी काशम्माने ते भांडे उचलले नाही. दुसऱ्या दिवशी उचलले, हुंगले, आणि उंबऱ्यात उभी राहून विचारले, "अक्का, खरं सांग. तुला त्यांनी काय दिलं?"

"काय बी न्हाय."

"मग तू हे का देतीस?"

"पोरगं रडतंय म्हून."

 काशम्माला विश्वास बसला असे म्हणता येणार नाही. परंतु मूल आत रडत होते. ती भांडे घेऊन आत गेली आणि तिने दार लोटून घेतले.

फाटकावरची फळी वर्षभर राहिली. चौतीस बायकांना नव्वद दिवस रोज अर्धा शेर या हिशेबाने जे दूध सहीनिशी कबूल झाले, त्यातले एक शेरही आजवर दिले गेलेले नाही.