तुम्ही आपल्या निघालात

“अहो, त्या हबशिणीला पोरीला हात लावू देऊ नका.”

बाई नवऱ्याला म्हणाली. मराठीत. आणि माझ्याकडे बघून गोड हसली.

मी ट्रे धरून उभी. सौदीतल्या हुफूफच्या एका इस्पितळात मी रक्ताचे नमुने घेते. पाच वर्षं झाली. मी मुरूडकडची सिद्दी. आमचे पूर्वज आफ्रिकेतून कोकणात आले, किती पिढ्यांपूर्वी ते घरात कुणाला सांगता येत नाही. बोलतो मराठीच. पण रंग आणि केस बघून इथे कुणी मला भारतीय समजत नाही.

नवऱ्याने इंग्रजीत विचारलं, दुसरी नर्स मिळेल का. शेजारच्या खाटेपाशी आमना होती, सुदानची. तिला बघून बाई पुटपुटली, “हीसुद्धा नको. ह्यांचे हात स्वच्छ असतात की नाही, कोण बघतं?”

मी मराठीत म्हणाले, “आत्ताच धुतलेत, ताई. तुमच्यासमोर.”

बाईचा चेहरा उतरला. मग एकदम उजळला. “अय्या, तुम्ही आपल्या निघालात! सॉरी हं, आम्हाला वाटलं सुदानच्या. बाळा, दे हात मावशीला.”

मावशी. एका वाक्यात हबशिणीची मावशी झाले.

हे नवीन नव्हतं. दुकानात, टॅक्सीत, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना तपासताना, आधी संशयाची नजर. मग मी घाईघाईने सांगायचे, “मी इंडियन आहे, आफ्रिकन नाही.” समोरचा सैल व्हायचा. मीही व्हायचे. असं बोलून मी आमनासारखीला त्या संशयापुढे ढकलतेय, हे कळत होतं. कळूनही बोलायचे. जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलावर कधी बसले नाही. लोक आम्हाला एकाच देशाच्या समजतील म्हणून.

पोरीने हात पुढे केला. मी हातमोजे काढून टाकले.

“आमना काढेल रक्त. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.”

“अहो, पण तुमची गोष्ट वेगळी...”

“वेगळी नाही. ती चालत नसेल तर मीही चालणार नाही.”

रक्त शेवटी आमनानेच काढलं. पोरगी रडलीसुद्धा नाही. बाई भिंतीकडे बघत बसली. नवऱ्याने तक्रार केली.

सुपरवायझर बाई भारतीयच. हिंदीत म्हणाल्या, “बिल्ले पर तिरंगा लगा लो. पेशंट को शक नहीं रहेगा.”

मी विचारलं, “और आमना के बिल्ले पर क्या लगाएँगे?”

त्यांनी ताकीद लिहून दिली. मी सही केली आणि खाली लिहिलं, चूक मान्य नाही.

बाहेर आमना थांबली होती. “माझ्याबद्दल काय सांगितलंस त्यांना?” तिने अरबीत विचारलं. मी सगळं सांगितलं. बाईचा शब्द. माझी पाच वर्षं.

ती म्हणाली, “म्हणजे आज त्यांनी ढकललं, म्हणून तू आमची?”



आता मी तिच्या टेबलावर बसते. ती सरकून जागा करत नाही. बोलते कमी, बघते जास्त. तिचा संशय रास्त आहे. मी तिथे बसते ते तो फिटावा म्हणून नाही.

कुणी विचारलं तर सांगते. सिद्दी. मुरूडची. आफ्रिकेची. ऐकून कुणी बावचळला तर बावचळू दे. ‘मी त्यांच्यातली नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. नोकरी गेली तरी नाही.